मुदतीआधी परतलेला मुलगा

शेजारीण शिडी मागायला आली तेव्हा तिच्या मुलाचे सव्वीस दिवस उरले होते. आकडा तिनेच सांगितला, मी विचारलेलं नसताना. गॅरेजच्या दारावर स्वागताचा फलक लावायचा होता आणि तो किती रुंद छापून घ्यायचा हे मोजायचं होतं. मुलगा दोन वर्षं जपानमध्ये, क्यूशू बेटावर, मॉर्मन मिशनवर होता. "हल्ली फोनवर बोलताना मध्येच अडतो, साधा इंग्रजी शब्द आठवत नाही त्याला," ती म्हणाली. तक्रारीचा सूर होता, पण चेहरा फुललेला.

मी शिडी धरून उभी होते आणि माझी नजर सारखी दोन घरं सोडून पलीकडच्या गॅरेजकडे जात होती. त्या घरातला मुलगाही मिशनवर गेला होता, ब्राझीलला. फेब्रुवारीत परत आला, गेल्यापासून सातव्या महिन्यात. त्या दारावर काही लागलं नाही. एका शनिवारी तो आईबरोबर अंगणातलं बर्फ फावड्याने ओढताना दिसला, तेव्हा गल्लीला कळलं. कोणी काही विचारलं नाही. न विचारणं हे इथे सभ्यपणाचं लक्षण मानतात. त्या मुलाला मात्र ते तसं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही अकरा वर्षं राहतोय. आमच्या गल्लीतली निम्म्याहून जास्त घरं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची. 'मॉर्मन' हा शब्द वापरू नका, असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलं. पण पूर्ण नाव एका दमात घेणं मला अजून जमत नाही, तेव्हा जुनाच शब्द वापरते. त्यांच्या वस्तीतल्या मंडळीला 'वॉर्ड' म्हणतात. पहिल्या वर्षी "आमच्या वॉर्डात या" असं आमंत्रण आलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ससूनच्या खाटा आल्या होत्या.

मिशन म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. घर सोडून, परक्या गावात दारोदार जाऊन केलेला धर्मप्रचार. मुलगा अठरा वर्षांचा झाला की अर्ज करतो. कुठे जायचं हे तो ठरवत नाही; मुख्यालयातून पत्र येतं. पेरू येईल, घाना येईल, शेजारचं आयडाहोही येईल. मुलांची मुदत चोवीस महिने, मुलींची अठरा. पगार नाही. उलट घरच्यांनीच दर महिन्याला ४०० डॉलर भरायचे, जुलै २०२० पासून ५००. मुलगा टोकियोत असो की टोंगात, रक्कम तीच. नाव मागे पडतं, आडनावापुढे 'एल्डर' लागतं. छातीवर नावाची काळी पट्टी, पांढरा सदरा, आणि सोबत नेमून दिलेला जोडीदार, ज्याच्या नजरेआड व्हायचं नाही. सकाळी साडेसहाला उठायचं. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोनदेखील वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. माझ्या आईला साताऱ्याला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "दोन वर्षं पोर घराबाहेर, आणि पैसेही यांनीच भरायचे?"

आईचा प्रश्न आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरातला प्रश्न आहे. माझा मुलगा शेजारणीच्या मुलाच्याच वर्गात होता. तो जपानला गेला त्याच उन्हाळ्यात आमचा सरळ अभियांत्रिकीला गेला. आमच्याकडे बारावीनंतर दोन महिने मुलगा घरी बसला तरी नातेवाईक चौकशी करतात. 'दोन वर्षं वाया' हे तीन शब्द आम्ही इतक्या सहज बोलतो की वाया म्हणजे काय हे विचारायचं राहून जातं. इथल्या मुलांची ती वर्षं वाया जात नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या कार्यालयात पोर्तुगीज, मँडरिन, तागालोग अस्खलित बोलणारे गोरे इंजिनियर आहेत. जॉन हंट्समन तरुणपणी तैवानला मिशनवर गेले, तिथे मँडरिन शिकले आणि २००९ मध्ये अमेरिकेचे राजदूत होऊन बीजिंगला गेले. भाषा हा या व्यवस्थेचा सर्वांत उघड नफा. त्याहून मोठा नफा मला वाटतो तो वेगळाच: नाकारलं जाण्याची सवय. अठरा वर्षांचा मुलगा दिवसातून चाळीस दारं वाजवतो, चाळीस वेळा नकार ऐकतो आणि रात्री जेवून झोपतो. आमच्या मुलाला एका विद्यापीठाने नाही म्हटलं तेव्हा घरात आठवडाभर सुतक होतं.

जपानमध्ये तर नकारही नम्र. "केक्को देस" म्हणतात, म्हणजे 'नको, असू दे', आणि दार हळू लागतं. १९०१ पासून हे लोक जपानमध्ये जातायत; मधली चोवीसेक वर्षं, १९२४ ते १९४८, मिशन बंदच होतं. शेजारणीचा मुलगा गेला तो काळ तर फारच अवघड. जुलै २०२२ मध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याचा राग होता युनिफिकेशन चर्चवर, जिथे त्याच्या आईने घरचा पैसा ओतला होता; आबे त्या चर्चच्या जवळचे आहेत असं त्याला वाटत होतं. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. मॉर्मनांचा त्या पंथाशी संबंध नाही, पण दाराच्या भिंगातून पाहणाऱ्याला दोन अनोळखी, धार्मिक, हसरी तोंडं दिसतात. तो फरक करत बसत नाही, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझ्या दारात अशी जोडी आली की मीही आधी पडद्याआडून पाहते.

इथे माझी बाजू सांगून टाकते. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याचा देव बदला म्हणणं मला पटत नाही, अकरा वर्षं या चांगल्या माणसांत राहूनही पटलेलं नाही. पण तो प्रश्न या लेखाचा नाही. आज ज्याबद्दल मला भांडायचंय ते घरातलं आहे: पाठवणाऱ्यांचं आणि परत घेणाऱ्यांचं.

तर शेवटचे आठवडे. मिशनऱ्यांच्या बोलीत त्यासाठी एक शब्द आहे, 'ट्रंकी'. म्हणजे मनाने ट्रंक भरून बसलेला. आपल्याकडे श्रावण लागला की माहेरच्या वाटेकडे डोळे लावणारी सासुरवाशीण जशी, तसा. देह फुकुओकात, जीव यूटात. ट्रंकी होणं हा दोष मानतात. मुलं एकमेकांना चिडवतात आणि स्वतः झालोच नाही असं सांगतात. त्यांच्या थट्टेत मिशन सुरू होणं म्हणजे जन्म, पहिला शिकवणारा जोडीदार म्हणजे बाप, आणि घरी जाणं म्हणजे मरण. शेवटचा जोडीदार तुम्हाला 'मारतो'. काही आईवडील शेवटी स्वतः त्या देशात जाऊन मुलाला घेऊन येतात, अगदी आपल्या मुराळ्यासारखे.

शेजारणीचा मुलगा त्या शेवटच्या सव्वीस दिवसांत काय करत होता हे मला दर मंगळवारी कळायचं. दोन वर्षांत त्याच्या हातून एकही बाप्तिस्मा झाला नव्हता. दर आठवड्याला हे मिशनरी फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतात. त्या वर्गाला एक निवृत्त बसचालक यायचा. त्याने पोराला वर्षभर घरची पर्सिमन खायला घातली आणि धर्माचा विषय निघाला की तितक्याच प्रेमाने तो बदलला. निरोपाच्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली सायकल नव्या मिशनऱ्याला द्यायला सांगितली. मुलगा आईला म्हणाला की मिशनच्या प्रमुखांशी शेवटची मुलाखत होईल तेव्हा यातलं काय सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. अहवालात सायकलीचा रकाना नसतो.

मला हे ऐकून भरून आलं, आणि त्याच वेळी दोन घरं पलीकडचा मुलगा आठवला. सात महिन्यांत त्यालाही कोणी खायला घातलं असेल. ते तो कोणाला सांगतो?

विमानतळावर फुगे, फलक, आज्या. मग रविवारी वॉर्डासमोर भाषण. गंमत म्हणजे विमानतळावरदेखील मुलगा अजून मिशनरीच असतो. स्थानिक प्रमुख त्याला 'मोकळं' करतो तेव्हाच ती काळी पट्टी निघते. पट्टी निघाली की कितीतरी मुलं रडतात, असं शेजारीण म्हणाली. मुदत पुरी केलेल्याला इथे 'रिटर्न्ड मिशनरी' म्हणतात आणि ती एक पदवीच आहे. लग्नाच्या बाजारात तिला भाव आहे. हो, बाजार हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याला तो नवा नाही.

आणि मुदतीआधी आलेल्याला काय म्हणतात? 'अर्ली रिटर्न्ड', म्हणजे लवकर परतलेला. ती पदवी नव्हे. अधिकृत भूमिका विचाराल तर चर्च म्हणतं की यात लाज नाही. मानसिक ताणाने खचलेल्या मुलांसाठी सल्लागार आहेत, घरी राहून करायची सेवा-मिशन आहेत. हे खोटं नाही, आणि वीस वर्षांपूर्वीपेक्षा बरं आहे. पण वरून आलेलं क्षमापत्र गल्लीपर्यंत पोचत नाही, ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. विठ्ठलपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीला संन्यास घेतला. पत्नी मागे आहे हे कळल्यावर खुद्द गुरूंनी घरी परत पाठवलं. गुरूची आज्ञा होती, तरी आळंदीने वाळीत टाकलं. परंपरा सांगते की शेवटी देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं, आणि तरीही 'संन्याशाची पोरं' हा शिक्का मुलांच्या कपाळावरून गेला नाही. ज्ञानेश्वरीच्या मागे परतीची वाट बंद असलेलं एक घर आहे. गुरूने माफ केलं होतं. शेजाऱ्यांनी नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. कुठल्याही सेवेला आपण स्वेच्छेची म्हणतो ती कशाच्या जोरावर? जाताना मुलाने सही केली, म्हणून? अठराव्या वर्षी, ज्या घरात आजोबा गेले, बाप गेला, थोरला भाऊ गेला, त्या घरातल्या मुलाची सही मला पुरेशी वाटत नाही. १९७४ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी प्रत्येक तरुणाने मिशनला जावं असं सांगितलं आणि ते आजही कर्तव्य मानलं जातं. मुलींना मात्र ते बंधन नाही. त्या इच्छा असेल तर जातात. त्यात २०१२ च्या ऑक्टोबरात मुलांचं वय एकोणीसवरून अठरावर आणलं गेलं आणि मिशनऱ्यांची संख्या ५८ हजारांवरून दोनेक वर्षांत ८५ हजारांच्या वर गेली. आधी मुलगा एखादं वर्ष कॉलेजात काढून, स्वतःचे कपडे धुवायला शिकून जायचा. आता शाळेचा टोपीझगा उतरवून थेट विमानात बसू शकतो. जाण्याची वेळ ही स्वेच्छा तपासायची वेळ नव्हेच. ती तपासायची असेल तर परतीच्या दाराशी उभं राहायला हवं. सातव्या महिन्यात परत येऊन मान वर करून वॉर्डात बसता येत असेल, तर चोवीसाव्या महिन्यात आलेला खरोखर स्वतःच्या मर्जीने राहिला असं म्हणता येईल. येत नसेल, तर दोघांच्याही बाबतीत काही म्हणता येत नाही. फलक लागलेल्या घराचाही यात तोटा आहे, हे शेजारणीला सांगायला मला बरेच दिवस लागले.

यावर पहिलं उत्तर येतं: नेम तो नेम, चोवीस म्हणजे चोवीस. पण हा आकडा काही देवाने सिनाय पर्वतावरून दिलेला नाही. १९८२ मध्ये कुटुंबांवरचा खर्च कमी व्हावा म्हणून याच चर्चने मुलांची मुदत अठरा महिन्यांवर आणली आणि दोन-अडीच वर्षांत पुन्हा चोवीसवर नेली. सुरुवातीच्या काळात तर मुदत अशी नव्हतीच. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला, पुण्याच्या लष्करी छावणीत पोचला, मराठी शिकू लागला. पुण्यात छोटी मंडळी जमवली, छावणीच्या अधिकाऱ्यांशी त्याचं वाजलं, आणि १८५५ च्या सुमारास तो निघून गेला. चर्च १८३० चं, म्हणजे तेव्हा पंचविशीतलं. पुण्यात त्याचं काही टिकलं नाही. सांगायचा मुद्दा इतकाच की त्याच्या खिशात परतीची तारीख नव्हती. तारीख ही नंतरची सोय.

सोय म्हणून ती उत्तमच आहे, हेही मान्य करते. आपल्याकडचे पूर्णवेळ कार्यकर्ते आठवा, कुठल्याही रंगाच्या झेंड्याचे. विशीत घर सोडलं, संघटनेने वापरलं, चाळिशीत गुडघे गेले, आणि परत यायचं म्हटलं तर ना पदवी पुरी ना नोकरीचं वय. त्यांना कोणी 'मोकळं' करत नाही. मॉर्मनांनी त्यागाला शेवटची तारीख दिली हा मला त्यांचा मोठा शहाणपणा वाटतो. मुलगा विसाव्या वर्षी परत येतो आणि आयुष्य सुरू करतो. फक्त या शहाणपणाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी अर्धवट ठेवलाय.

आणि अर्धवट ठेवायचं कारणही नाही, कारण वेळ आली तेव्हा त्यांनी तो पुरा करून दाखवलाय. मार्च २०२० मध्ये साथ पसरली आणि चर्चने जगभरातून हजारो मुलं काही दिवसांत मायदेशी आणली. फिलिपाइन्सहून आलेल्यांच्या स्वागताला सॉल्ट लेकच्या विमानतळाच्या वाहनतळात इतकी गर्दी झाली की राज्यपालांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. त्याच दिवसांत अमेरिका-कॅनडात सेवा करणाऱ्या, एकवीस महिने झालेल्या मुलांना मोकळं केलं गेलं. एकवीस म्हणजे पूर्ण, असं ठरलं. आभाळ कोसळलं नाही. त्या मुलांना आज कोणी 'तीन महिने कमी' म्हणत नाही.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट तर अधिक बोलकी. रशियाने २०१६ मध्ये धर्मप्रचारावर कडक कायदा आणल्यावर चर्चने तिथल्या आपल्या मुलांना मिशनरी म्हणणं सोडलं आणि 'स्वयंसेवक' म्हणायला सुरुवात केली. मार्च २०१९ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या नोवोरोसिस्क शहरात अशा दोन अमेरिकन मुलांना ताब्यात घेतलं. परवान्याविना इंग्रजी शिकवल्याचा ठपका. तीनेक आठवडे कोठडीसारख्या केंद्रात काढून त्यांची हकालपट्टी झाली. त्यातल्या एकाची मुदत संपतच आली होती. तो घरी गेला. दुसऱ्याला पुढे दुसरीकडे पाठवायचं ठरलं. पहिल्याचे शेवटचे आठवडे परदेशी कोठडीत गेले आणि त्याच्याकडे बोट दाखवायचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. येऊ नयेच.

पण मग हिशेब बघा. रशियन पोलिसाने परत पाठवलं, सन्मान. विषाणूने परत पाठवलं, सन्मान. स्वतःच्या मनाने परत पाठवलं, की गल्ली गप्प. झोप उडाली, छाती धडधडू लागली, किंवा शिकवता शिकवता आपलाच विश्वास उडाला, ही कारणं मात्र चालत नाहीत. यातलं शेवटचं कारण तर मला सर्वांत आदराचं वाटतं. जे स्वतःला पटत नाही ते परक्या देशातल्या म्हाताऱ्या बाईच्या गळी उतरवायचं नाही, म्हणून अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घरी परत येतो. धर्माला याहून प्रामाणिक माणूस कुठून मिळणार? ब्राझीलहून आलेल्या मुलाचं कारण काय होतं हे मला ठाऊक नाही, आणि ते मला कळायची गरजही नाही. मी फक्त एवढं पाहते की जपानच्या मुलाच्या भाषणाला सगळी गल्ली गेली, मीही गेले, आणि ब्राझीलच्या मुलाला भाषणाला उभंच केलं नव्हतं.

माझी सूचना साधी आहे आणि त्यांच्याच व्यवस्थेत बसणारी. साधारण दर सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्या ठरतात, प्रमुखांशी मुलाखती होतच असतात. दर सहा महिन्यांनी मुलाला एक प्रश्न विचारावा: पुढे राहायचंय का? राहतो म्हणाला तर राहील. नाही म्हणाला तर तिथेच त्याची सेवा पूर्ण. तीच पट्टी, तेच भाषण, तोच रविवार. सहा महिन्यांची सेवा ही सहा महिन्यांची पूर्ण सेवा, चोवीसातून अठरा वजा केलेली नव्हे. शेवटचे आठवडे मग प्रत्येकाच्या वाट्याला येतील, निरोप घ्यायला, उरलेला तांदूळ वाटायला, सायकल कोणाला तरी द्यायला. मधूनच परतणाऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं: त्याला शेवटचे आठवडे मिळतच नाहीत. एका फोनवर तिकीट निघतं आणि जो जोडीदार काल शेजारच्या खाटेवर होता तो विमानतळाच्या दारात मागे राहतो.

फलक उतरवायच्या दिवशी शेजारीण पुन्हा शिडी मागायला आली तेव्हा मी हे सगळं तिच्यासमोर मांडलं. ती ऐकून घेणाऱ्यांपैकी आहे. शिडीवरून खाली न बघता म्हणाली, "असं विचारलं असतं तर माझा सहाव्या महिन्यातच आला असता. तेव्हा फार रडायचा. मग तो बसवाला त्याला भेटलाच नसता."

यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, अजून नाही. कदाचित तो आला असता. कदाचित प्रश्न विचारणारं कोणी आहे एवढ्यानेच थांबलाही असता. मी म्हटलं, "आणि पलीकडचा?" तिने फलकाची दुसरी दोरी सोडली, तो माझ्या हातात दिला आणि घडी घालता घालता त्या गॅरेजकडे बघितलं. "त्याच्या आईला गेल्या कित्येक महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही," ती म्हणाली, "कसा आहे म्हणून."